मातीचा पहिला नंबर

पारडखेडीच्या यशवंतरावांच्या संत्राबागेत वाळलेलं पान सापडत नसे. याचा त्यांना फार अभिमान होता, आणि पाहुण्याने तो मान्य केल्याशिवाय त्याला चहा मिळत नसे. रामाकोन्याहून येणाऱ्या रस्त्याला लागून चारशे झाडं, सगळी ओळीत. बुंध्यांना गेरू, गेरूवर चुन्याचा पट्टा. खालची जमीन दोन बाया रोज सकाळी खराट्याने झाडून काढत. गवताची काडी वर आली की यशवंतराव स्वतः वाकून ती उपटत. कमरेचं दुखणं होतं, तरी वाकत. त्यांची बायको मनकर्णाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "घरच्या आंगनात यायनं जन्मात खराटा नाई धरला, अन् तिकडं झाडाखाली पाहा, जशी पंगत बसवाची हाय."

पण पंचाऐंशी सालच्या उन्हाळ्यात बागेचं खरं रूप काही वेगळंच होतं. पानांवर कोळशी चढली होती. काळ्या माशीच्या चिकट रसावर धरणारी ही काळी बुरशी, हात लावला की बोटं चुलीतून काढल्यासारखी होत. बुंध्यांतून डिंक गळत होता, शेंडे वाळत होते. चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा माशी दिसली तेव्हा यशवंतरावांनी पांढुर्ण्याहून औषध आणून असं फवारलं, की माशी मेली आणि तिच्याबरोबर माशी खाणारे सगळे किडेही मेले. पुढच्या वर्षी माशी परत आली, किडे आले नाहीत. मग यशवंतरावांनी दुप्पट फवारलं. माणूस हुशार असला की चूक एकदा करून थांबत नाही.

बाग वडिलांनी लावलेली होती. वडील गेले तेव्हा त्यांना शेवटचं पाणी याच बागेतल्या विहिरीचं पाजलं होतं. एकेक झाड वाळायचं, मजूर कुऱ्हाड घेऊन यायचे, आणि यशवंतराव त्या वेळी काहीतरी काम काढून गावात जायचे. त्यांना ते पाहवत नसे. जगात त्यांना दोनच गोष्टींची भीती होती : ही बाग जाईल याची, आणि ती जाते आहे हे गावाला कळेल याची. दुसरी भीती जरा मोठी होती.

बागेच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, हिरामणचं तीन एकर वावर होतं. सीलिंगचा कायदा आला तेव्हा सरकारला द्यायला यशवंतरावांच्या वडिलांनी आपल्या सगळ्या जमिनीतून शोधून शोधून जी नालायक बरड काढली, तीच पुढे सरकारने हिरामणला दिली. कुदळ मारली की ठिणगी उडायची. आता तिथे ज्वारी, तूर, अंबाडी, बरबटी म्हणजे चवळी, भोपळा, झेंडू आणि बावीस संत्र्याची झाडं एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढत होती. कोणतं पीक कुठे संपतं आणि गवत कुठे सुरू होतं ते हिरामणलाच माहीत. झाडाझाडांत कोळ्यांची जाळी, खाली घोटाभर पाला. यशवंतराव त्याला 'कबाडखाना' म्हणत. बागेतला झाडलेला सगळा पालापाचोळा त्यांच्या बाया रोज त्याच कबाडखान्यात धुऱ्यावरून फेकत. कचरा कचऱ्यात जावा, इतकी साधी गोष्ट होती ती.

मे महिन्यात सौंसरहून रवींद्र नावाचा शेतीखात्याचा नवा पोरगेला साहेब मोटारसायकलवर आला. चावडीसमोर त्याने सांगितलं की या वर्षी सरकार प्रत्येक खातेदाराच्या मातीची तपासणी करणार आहे. शेतात नऊ ठिकाणी खड्डे करा, थोडी थोडी माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पिशवीत भरून द्या. तपासणीचा निकाल इथेच सगळ्यांसमोर वाचला जाईल.

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.

पारडखेडीची एक रीत होती. परक्याला दाखवायची वस्तू उत्तमच दाखवायची. पाहुणा आला की शेजाऱ्याचा गालिचा आणायचा, गुरांचा डॉक्टर आला की आजारी बैल मागे लपवून धडधाकट बैल पुढे उभा करायचा, आणि डॉक्टरने "याला काही झालेलं नाही" म्हटलं की कौतुकाने हसायचं. त्या रीतीने गावाने माती दिली. नत्थूजींनी तुळशीवृंदावनातली काढली. कोणी बकऱ्यांच्या कोंडवाड्यातली, कोणी वारुळाची. एकाने तर वस्त्रगाळ करून, पितळी डब्यात, वर झाकण लावून दिली. नऊ खड्डे कोणीच केले नाहीत. आपल्याच शेतात नऊ ठिकाणची माती घ्यायची म्हणजे वाईट जागाही आल्या, आणि आपलं वाईट आपण होऊन सरकारला कोण देतं?

यशवंतरावांनी मात्र आधी प्रामाणिकपणे कुदळ घेतली होती, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं की बाग का मरते. पण कुदळ टणकन उडाली. खराट्याने आणि पायांनी वर्षानुवर्षं चोपलेली जमीन फरशीसारखी झाली होती. वर पांढरट पापुद्रा, खाली ढेकूळ. ढेकळाला वास नव्हता. त्यात मुंगीसुद्धा नव्हती. ते ढेकूळ हातात घेऊन यशवंतराव उभे राहिले, आणि त्यांना चावडी दिसली, रवींद्र कागद वाचताना दिसला, आणि नत्थूजींचं तोंड दिसलं.

भर दुपारी, मजूर जेवायला गेल्यावर, ते धुरा ओलांडून हिरामणच्या वावरात उतरले. आयुष्यात पहिल्यांदा. हिरामणच्या विहिरीचं पाणी त्यांच्या घराण्यात कोणाला चालत नव्हतं, माती चालली. एका संत्र्याखालचा पाला त्यांनी बाजूला केला आणि हात घातला. हात मनगटापर्यंत आपोआप गेला. काळीभोर, गार, भुसभुशीत माती, मे महिन्यातही ओली. यशवंतरावांनी दोन ओंजळी धोतराच्या सोग्यात घेतल्या आणि कोणी पाहिलं नाही अशी खात्री करून परत आले.

जुलैत निकाल आला. चावडीसमोर गाव जमलं. वारुळाच्या मातीला 'मध्यम' मिळालं. नत्थूजींच्या वृंदावनात उदबत्तीची राख होती, म्हणून पोटॅश भरपूर निघालं आणि ते आठवडाभर तोऱ्यात राहिले. कोंडवाड्याच्या मातीवर प्रयोगशाळेने 'हे खत आहे, कृपया माती पाठवावी' असं लिहून पाठवलं होतं. आणि मग रवींद्रने घसा साफ केला.

"यशवंतराव पाटील. अति उत्तम. साऱ्या तहसिलीत पहिला नंबर!"

टाळ्या पडल्या. यशवंतरावांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

"आणखी एक गंमत आहे," रवींद्र म्हणाला. "हिरामणच्या मातीचा आकडा अगदी तोच. पॉइंटाचाही फरक नाही." यशवंतरावांच्या कानामागून घाम आला. "म्हणजे बघा, पाटलांच्या बागेतल्या स्वच्छतेचा शेजाऱ्याच्या मातीलाही गुण लागला! एवढं गवत असूनही!"

रवींद्र वाईट मुलगा नव्हता. त्याने पुस्तकं वाचली होती, फक्त त्यांच्यात कोणी खोटं बोलल्याचं उदाहरण नव्हतं. त्याने त्याच दिवशी वर लिहून कळवलं की पारडखेडीत झाडलोटीची एक नवी पद्धत सापडली आहे. आठवड्यात तिला 'यशवंतराव पद्धत' असं नावही पडलं. गावोगाव सांगणं झालं : पाला ठेवू नका, गवत ठेवू नका, जमीन आरशासारखी ठेवा. मोहगावच्या बाजारात खराटे संपले.

इकडे ज्यांच्या नावाची पद्धत होती त्यांची झाडं तशीच मरत होती. यशवंतरावांनी रवींद्रला गाठून हळूच विचारलं, "साहेब, झाडं वाळून राहिले. काई खत, काई औषध?"

रवींद्रने रिपोर्ट पुन्हा वाचला. "पाटील, तुमच्या मातीला कशाचीच कमी नाही. असं लिहिलंय इथे. झाडंच चुकीची असतील." आणि मग आनंदाने म्हणाला, "जिल्ह्याचे मोठे साहेब येणार आहेत. तुमच्या बागेत स्वतः खड्डा करून माती पाहतील, आणि तिथेच शाल-श्रीफळ देतील."

घरी येऊन यशवंतराव जेवले नाहीत. मनकर्णाबाईला सगळं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं, पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले. मग ती म्हणाली, "आता हिरामणकडं जा. चोरून नेता आली, तं मांगता बी येईन."

हिरामण धुऱ्यावर बसून अंबाडीची भाजी खुडत होता. साठीकडे झुकलेला, बोलायची घाई नसलेला माणूस. यशवंतरावांनी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. पाऊस झाला. कापसाचं झालं. हिरामण नुसता "हौ जी" म्हणत राहिला. शेवटी म्हणाला, "माती पाह्यजे काय, पाटील?"

"तुले कोनं सांगतलं?"

"कोनं सांगाचं? उन्हाळ्यात तुम्ही आलते तवा मी तिसऱ्या झाडाखाली निजून होतो. म्हटलं, पाटील पह्यल्यांदा आपल्या वावरात आले, कायले लाजवा त्यायले."

यशवंतरावांना धुऱ्यात गाडून घ्यावंसं वाटलं. हिरामण खुडत राहिला. "अन् तशी ते माती तुमचीच हाय जी. बारा साल झाले, तुमच्या बाया सारा पाला, सारं गवत अठी फेकून राहिल्या. मी एक दिवस बी नको नाई म्हटलं. झाडाच्या तोंडचा घास तुम्ही माह्या वावरात टाकून राहिले, अन् झाडाले दुकानातली पावडर चारून राहिले. मले तं वाटे, पाटलाले कोनी सांगत कसं नाई."

"तू काऊन नाई सांगतलं?"

हिरामणने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्ही आयकलं असतं?"

यशवंतराव सवयीने धुऱ्यावरची एक काडी उपटू लागले. हिरामणच उठला. "दोन बंड्या न्या. पन माती एकटी नका नेऊ, जगत नाई ते. वरचा पाला न्या, थोडं बरबटीचं बी टाका वरतून. अन् एक कबूल करा. जेवढ्या झाडाखाली टाकसान, तेवढ्याले खराटा नाई अन् औषध नाई."

"कबूल. साहेब येऊन जाईपावतर."

"साहेबाचा काई भरोसा हाय का जी?" हिरामण म्हणाला.

दोन बैलगाड्या मातीत कोपऱ्यातली सहा झाडं बसली. साहेब शुक्रवारी येणार होते. शुक्रवारी मीटिंग निघाली. पुढच्या आठवड्यात नाला भरला. मग पोळा आला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगडफेकीची जत्रा, तेव्हा जिल्ह्यातली निम्मी सरकारी माणसं बंदोबस्तात आणि उरलेली निम्मी ती पाहायला. दौरा दोन महिने लांबला. आणि त्या दोन महिन्यांत सहा झाडांखाली बरबटीचा वेल पसरला, गवत गुडघ्याला आलं आणि झाडांना पालवी फुटली.

यशवंतराव रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहू लागले. पहिल्या दिवशी वाटलं, भास असेल. मग त्यांनी प्रत्येक फांदीचे शेंडे मोजले; दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. एके दिवशी पानावर एक लाल किडा काळ्या माशीची पिल्लं खाताना दिसला. यशवंतराव त्याच्यासमोर तासभर उकिडवे बसले, कमर विसरून. वडिलांच्या हातची सहा झाडं जगत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हा मनकर्णाबाई ओच्यात बरबटीच्या शेंगा घेऊन तिथे उभी होती. "एवढ्या सालात बागेतून पह्यल्यांदा भाजी आली घरी," ती म्हणाली.

मग बाकीच्या झाडांखालचा खराटा त्यांनी का थांबवला नाही? कारण रवींद्र दर आठवड्याला चार गावचे शेतकरी आणून 'यशवंतराव पद्धत' दाखवत होता. एकदा शाल अंगावर पडू दे, मग सगळं थांबवू, असं यशवंतरावांनी ठरवलं होतं. तोवर रोज सकाळी बाया झाडत होत्या, आणि त्यांच्या खराट्याचा आवाज आता यशवंतरावांच्या छातीत वाजत होता.

सप्टेंबरच्या अखेरीस मोठे साहेब एकदाचे आले. जीप, मागे दुसरी जीप, सौंसरचा फोटोग्राफर. गाव झाडून जमलं, आणि पद्धतीच्या मानाखातर प्रत्येकाच्या हातात नवा खराटा होता. यशवंतरावांनी साहेबांना सरळ कोपऱ्यात नेलं. कुदळ पडली, माती फुटली, दोन गांडुळं वळवळली.

"वाह!" साहेब खूश झाले. मग त्यांनी वर पाहिलं. वेल, गवत, पाला, जाळी. त्यांचा चेहरा बदलला. "ये कचरा किसने छोड़ा? यहीं फोटो लेना है।"

रवींद्र गोरामोरा झाला. "अभी साफ कराते हैं, सर." त्याने हात केला. खराटेवाल्या बाया पुढे आल्या, तिघे जण फावडी घेऊन आले. पाठीवर पंप बांधलेला एक गडीही आला, जाळी धुवायला.

तबकात शाल होती. केशरी, जरीच्या काठाची. यशवंतरावांनी शालीकडे पाहिलं, नत्थूजींकडे पाहिलं, मग झाडाच्या शेंड्याकडे. पहिलं फावडं उचललं गेलं.

"थांबा!" ते ओरडले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "फावडं खाली ठेव. हे माती माही नोहे. हिरामणची हाय. नमुना बी त्याचाच दिला म्या, चोरून. माही माती पाहाची असंल तं ते तिकडं पाहा. झाडून झाडून मारली म्या ते."

नत्थूजींचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून हसू काही बाहेर आलं नाही. त्यांना त्यांचं वृंदावन आठवलं असावं.

साहेब सरकारी माणूस होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. शाल आजच्या तारखेला खर्ची पडली होती, ती परत नेता येत नव्हती. "ये हिरामण कौन है?"

सगळी वरात धुरा ओलांडून हिरामणच्या वावरात उतरली. तो तुरीतून हात पुसत बाहेर आला आणि काही कळायच्या आत त्याच्या अंगावर शाल आणि हातात नारळ पडला. टाळ्या झाल्या. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कॅमेऱ्याकडे वळले आणि थबकले.

"इधर तो और भी कचरा है।" ते रवींद्रला म्हणाले. "पहले इसे साफ कराओ। पूरा।"

पन्नास खराटे उचलले गेले. अंगावर सरकारची शाल असताना सरकारला नाही कसं म्हणायचं, हे हिरामणला कोणी शिकवलेलं नव्हतं. नारळ छातीशी धरून तो नुसता आपल्या झाडांकडे पाहत राहिला.

आणि यशवंतराव धावले. पंचावन्न वर्षांचा, कमरेने अधू, पागोटं सुटलेला माणूस खराट्यांच्या आणि झाडांच्या मधे जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"या वावरात खराटा फिरवाचा असंल, तं आधी माह्या अंगावरून फिरवा!"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग मनकर्णाबाईने शेजारणीच्या हातातला खराटा काढून घेतला आणि जमिनीवर टाकला, आणि एकेक करून बाकीचेही खाली पडले. रवींद्र धुऱ्याजवळ उभा राहून एकदा चकचकीत बागेकडे, एकदा या वावराकडे पाहत होता. त्याच्या हातातला कागद घामाने भिजला होता. साहेबांनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. फोटो निघाला नाही. जीपमध्ये बसता बसता त्यांनी फाइलवर दोन शब्द लिहिले, 'क्षेत्र अस्वच्छ', आणि दोन्ही जीप धूळ उडवत गेल्या.

लोक पांगले. यशवंतरावांचे हात अजून पसरलेलेच होते. ते खाली कसे घ्यायचे हे त्यांना सुचत नव्हतं. हिरामण जवळ आला, शाल सावरत, आणि हळूच म्हणाला, "पाटील, जरा पाय उचला जी. बरबटीच्या वेलावर उभे हाय तुम्ही."

यशवंतरावांनी घाईने पाय उचलला. तो कुठे ठेवावा म्हणून त्यांनी खाली पाहिलं. डावीकडे अंबाडीचं रोप होतं, उजवीकडे झेंडू, पुढे पाल्यातून वर आलेली कुठलीशी दोन पानं. मोकळी जागा कुठेच नव्हती. एका पायावर डुगडुगत, हिरामणच्या खांद्याला धरून, ते तसेच उभे राहिले.